बुलेटपासून चॉपर: कापण्याआधी काय मोजायचं

चॉपर, म्हणजे फ्रेम कापून नाक लांबवलेली मोटरसायकल, बघताना नजर आधी पुढे पसरलेल्या फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पाईपांवर, जाते. म्हणून चॉपर बांधायला निघालेले बहुतेक जण सुरुवातही तिथूनच करतात. लांब फोर्क पाईप शोधायचे, मूळ फ्रेमला लावायचे, उंच हँडल चढवायचं आणि मग उरलेल्या गाडीचा विचार करायचा. अशी गाडी उभी असताना झकास दिसते, पण गल्लीत वळवताना तिचं हँडल एका बाजूला कोसळू लागतं आणि दोन्ही हातांनी ओढून सावरावं लागतं. फोर्क किती लांब हवा हे खरं तर उशिरा कळतं. त्याआधी दोन आकडे ठरवावे लागतात: रेक आणि ट्रेल. ते हाती आले की फोर्कची लांबी, मागच्या फ्रेमची उंची, चाकाचं माप, सीटची जागा हे सगळं त्यांच्यामागून येतं. या लेखाचा मोठा भाग मी या दोन आकड्यांना देणार आहे, कारण चॉपरवरून माणूस पडतो तो बहुधा इथल्या चुकीमुळे.

आधी डोनर म्हणजे काय ते सांगतो. जिचं इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि फ्रेमचा पुढचा भाग आपण वापरणार, ती मूळ गाडी म्हणजे डोनर. कोऱ्या पाईपपासून पूर्ण फ्रेम बांधणं हा वेगळा आणि बराच खर्चिक उद्योग आहे. डोनर घेतला की इंजिन कुठे बसतं, चेन कुठून धावते, हे प्रश्न कारखान्याने आधीच सोडवलेले असतात. आपण त्यातल्या मोजक्या गोष्टी बदलतो.

ही पद्धत अमेरिकेतली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या वापरातल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्या तिथे स्वस्तात विकल्या गेल्या. त्या जड होत्या, म्हणून पोरांनी पुढचं मडगार्ड काढलं, मागचं आखूड केलं, अनावश्यक पत्रा उतरवला. हे झाले बॉबर. त्यात फ्रेमला हात लागत नव्हता. पुढे, विशेषतः कॅलिफोर्नियात, फ्रेमचा पुढचा भागच कापून फोर्क झोपवायला सुरुवात झाली आणि १९६० च्या दशकात आज आपण ओळखतो तो चॉपर तयार झाला. १९६९ साली ज्या 'ईझी रायडर' सिनेमामुळे चॉपर जगभर पोचला, त्यातल्या गाड्यांमागे क्लिफ वॉज आणि बेन हार्डी हे दोन कृष्णवर्णीय कारागीर होते. त्यांची नावं कित्येक वर्षं कुणी घेतली नाहीत. चॉपरबद्दल लिहिताना ती घ्यायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत डोनर म्हणून हार्ले स्पोर्टस्टर, होंडा सीबी ७५० किंवा यामाहा एक्सएस ६५० घेतात. आपल्याकडे पहिलं नाव येतं बुलेटचं. मुंबईत अक्षय वर्दे यांनी बुलेटवरच आपलं काम उभं केलं, जयपूरच्या राजपुताना कस्टम्सनेही सुरुवातीला हेच इंजिन हाताळलं. त्यामागे ठोस कारणं आहेत. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं ३४६ सीसीचं इंजिन ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचं आहे, म्हणजे उभट आणि अरुंद. फ्रेममध्ये ते एकटं उठून दिसतं. गिअरबॉक्स मागून बोल्टने जोडलेला असतो, इग्निशन पॉइंटचं, वायरिंग बोटांवर मोजण्याइतकं. आणि सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळतात, नाहीतर जुन्या बाजारात.

नंतरची यूसीई इंजिनची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेली, बुलेट किंवा क्लासिक घेतली तरी चालते. मात्र ३५० मध्ये कार्बोरेटरचं मॉडेल बघा. बीएस ६ पासून ३५० लाही फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात पंप टाकीच्या आत असतो, त्यामुळे छोटी वेगळी टाकी बसवणं पहिल्या कामासाठी फार अवघड होतं. पुण्याच्या बजाजची अव्हेंजर हाही विचार करण्याजोगा डोनर आहे. तिचा फोर्क मुळातच झोपलेला, सीट खाली आणि इंजिनाखालून फ्रेमचे पाईप गेलेले. ज्याला फ्रेमचं पुढचं टोक कापायचं नाही, फक्त ढंग बदलायचा आहे, त्याला मी अव्हेंजरच सुचवेन.

कायदा आधी वाचा

ही गोष्ट शेवटी सांगून भागत नाही, कारण डोनर विकत घेण्याआधीच ती ठाऊक हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपासून आरसीतली नोंद वेगळी पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. फ्रेम कापून कोन बदलणं आणि मागचं सस्पेन्शन काढणं हे सरळ यात बसतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि दुसऱ्या कुणाला इजा झाली असेल तर ती जबाबदारी आयुष्यभराची असते.

म्हणून आपल्याकडे असा चॉपर प्रदर्शनासाठी, खासगी जागेत चालवण्यासाठी आणि मुख्य म्हणजे शिकण्यासाठी बांधायचा. २०१३ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या इंडिया बाईक वीकसारख्या मेळ्यात अशा गाड्या ट्रकवरून आणून मांडतात. रोज रस्त्यावर फिरायला तसं रूप हवं असेल तर कारखान्यातूनच तशी आलेली गाडी घ्यावी. रॉयल एनफिल्डची २०२४ ची गोअन क्लासिक ३५० उंच हँडल आणि एकट्या सीटसह येते, आणि तिच्या कागदपत्रांत काही खोट राहत नाही.

आणखी एक. बुलेटचा चासी नंबर फ्रेमच्या पुढच्या टोकाला, हँडल जिथे फिरतं त्या नळ्यापाशी ठोकलेला असतो. नेमका तिथेच चॉपरचा पहिला काप येतो. तो नंबर घासायचा, झाकायचा किंवा दुसरीकडे ठोकायचा नाही. गाडी प्रदर्शनाची असली तरी तिची ओळख तीच आहे. चोरीची किंवा कागद नसलेली गाडी स्वस्त मिळते म्हणून डोनर करू नका.

रेक आणि ट्रेल

फ्रेमच्या पुढच्या टोकाचा जो जाड नळा, ज्यात टीचा (फोर्कचे दोन्ही पाईप धरणाऱ्या जोडाचा) दांडा कोनसेटवर, म्हणजे हँडलच्या बेअरिंगवर, फिरतो, त्याला नेक म्हणू. हा नेक उभ्या रेषेपासून जितके अंश मागे कललेला असतो तो रेक. साध्या रस्त्यावरच्या गाड्यांचा रेक बहुधा २४ ते २८ अंश असतो. चॉपरमध्ये तो ३५, ४० किंवा त्याहूनही जास्त होतो.

आता नेकच्या मधोमध एक सळई आहे आणि ती त्याच कोनात जमिनीपर्यंत वाढवली आहे असं समजा. ती जमिनीला जिथे टेकेल तो एक बिंदू. पुढच्या चाकाच्या एक्सलपासून ओळंबा सोडला की तो जिथे टेकेल तो दुसरा बिंदू, म्हणजे टायर रस्त्याला जिथे टेकतो ती जागा. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. सळईचा बिंदू पुढे आणि टायरचा मागे असतो. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं छोटं चाक ढकलल्यावर आपोआप मागे वळून सरळ धावतं ते याच कारणाने: जमिनीला टेकण्याची जागा फिरण्याच्या आसामागे ओढली जाते. मोटरसायकलचं पुढचं चाक सरळ राहतं त्यात ट्रेलचा वाटा मोठा आहे. ट्रेल कमी पडला तर वेगात चाक थरथरतं. फार झाला तर गाडी सरळ रस्त्यावर घट्ट धावते, पण हळू वेगात वळणं हे ओझं होतं.

ट्रेल कागदावर काढता येतो. चाकाची त्रिज्या गुणिले रेकचा साइन, त्यातून ऑफसेट वजा करा, आणि आलेल्या आकड्याला रेकच्या कोसाइनने भागा. ऑफसेट म्हणजे नेकच्या मध्यरेषेपासून फोर्कचे पाईप टीमध्ये जितके पुढे धरलेले असतात ते अंतर. पुढचा एक्सल फोर्कच्या मधोमध आहे असं इथे धरलं आहे. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर यासाठी पुरतो.

समजायला गोल आकडे घेऊ. त्रिज्या टायरसकट ३२० मिमी, म्हणजे १९ इंची चाकाच्या आसपास. ऑफसेट ४५ मिमी. रेक २७ अंश असेल तर ट्रेल सुमारे ११३ मिमी येतो. ही झाली नेहमीची, ओळखीची वागणूक. आता बाकी काही न बदलता नेक कापून ४० अंशांवर झोपवला. ट्रेल येतो २१० मिमी, जवळपास दुप्पट.

याचा त्रास कसा जाणवतो ते समजायला तिसरा आकडा लागतो, फ्लॉप. हँडल वळवलं की गाडीचा पुढचा भाग किंचित खाली उतरतो, आणि गुरुत्वाकर्षण त्याला आणखी त्याच बाजूला ढकलतं. ट्रेल गुणिले रेकचा साइन गुणिले कोसाइन केलं की फ्लॉपचं माप मिळतं. पहिल्या गाडीत ते ४५ मिमी आहे, दुसरीत १०३. लेखाच्या सुरुवातीला हँडल कोसळण्याची जी तक्रार सांगितली ती हीच.

यावर उपाय आहे, आणि चॉपर बांधणाऱ्यांनी तो फार पूर्वी शोधला. फोर्कचे पाईप नेकला समांतर न धरता काही अंश आणखी पुढे कललेले धरणारी खास टी बनवायची. तिला रेक्ड टी म्हणतात. समजा नेक ३५ अंशांवर ठेवला आणि टीमध्ये आणखी ५ अंश दिले. बघणाऱ्याला फोर्क ४० अंशांवर झोपलेला दिसतो. पण वरच्या टीपासून एक्सलपर्यंत फोर्क साधारण ७५० मिमी असेल तर त्या ५ अंशांनी एक्सल सुमारे ६५ मिमी पुढे सरकतो, म्हणजे एकूण ऑफसेट ११० मिमी होतो. ट्रेल येतो ९० मिमी आणि फ्लॉप ४२. दिसायला तोच लांब फोर्क, पण हातात मूळ बुलेटइतकाच हलका. मला चॉपरमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

हीच टी चुकीच्या जागी घातक ठरते. नेक मूळ २७ अंशांवर राहू दिला आणि फ्रेम कापायचा त्रास नको म्हणून फक्त ५ अंशांची टी बसवली, तर ट्रेल ४० मिमीपर्यंत खाली येतो. गाडी थोडी चॉपरसारखी दिसते, गल्लीत मस्त हलकी वळते, आणि महामार्गावर खड्डा लागला की हँडल दोन्ही बाजूंना झटके देऊ लागतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी रेक्ड टी हिशोब न करता कधीही लावू नका. मी स्वतः ट्रेल ९० ते १२० मिमीच्या बाहेर जाऊ देणार नाही.

हे आकडे गाडीच्या दुसऱ्या टोकावरूनही बदलतात, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. मागचा भाग ५० मिमी खाली उतरवला आणि चाकांतलं अंतर १,४०० मिमीच्या आसपास असेल, तर सगळी फ्रेम सुमारे २ अंशांनी मागे झुकते, म्हणजे रेक २ अंश वाढतो. पुढे १९ ऐवजी २१ इंची चाक लावलं, ९०/९०-२१ टायर धरला, तर त्रिज्या सुमारे ३४८ मिमी होते. वरच्या ३५ अधिक ५ अंशांच्या गाडीत केवळ एवढ्याने ट्रेल ९० वरून ११० वर जातो, आणि पुढचा भाग उचलल्याने रेकही अंशभर वाढतो तो वेगळाच. म्हणून चाकं आणि टायर आधी विकत घ्या, हवा भरा, मोजा, आणि मगच नेकचा कोन पक्का करा.

आता फोर्कची लांबी. एक्सलपासून नेकच्या खालच्या टोकापर्यंतची उभी उंची ४५० मिमी धरली, तर २७ अंशांवर त्या तिरक्या रेषेची लांबी ५०५ मिमी, आणि ४० अंशांवर ५८७. म्हणजे फ्रेम सपाट ठेवून इतका मोठा कोन बदलूनही फोर्क फक्त ८० मिमीच्या आसपास वाढवावा लागतो. लोक हातभर लांब पाईप आणतात तेव्हा ते नेकही वर उचलत असतात, किंवा गाडीचं नाक आकाशाकडे जातं. याच कोनबदलाने पुढचं चाक साधारण १५० मिमी पुढे जातं आणि गाडी तेवढी लांब होते.

फ्रेम

बुलेटच्या फ्रेममध्ये एक वैशिष्ट्य आहे जे कापण्याआधी नीट बघितलं पाहिजे. कास्ट आयर्न आणि यूसीई, दोन्हींत पुढचा उभा पाईप इंजिनाच्या समोर येऊन थांबतो. इंजिनाखालून पाईप जात नाही. इंजिन स्वतःच फ्रेमचा एक भाग म्हणून ताण घेतं. म्हणून इंजिन काढून फ्रेम कापली की ती ढिली पडते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने कुठल्याही बाजूला वळते. इंजिन किंवा निकामी इंजिनाचा रिकामा क्रँककेस जागेवर बोल्टने आवळूनच काम करावं. हेड आणि फ्रेम यांना जोडणारी वरची पट्टी पुष्कळ जण चॉपर करताना दिसायला नको म्हणून काढतात. ती काढू नये. या इंजिनात कंपन मारणारा बॅलन्सर शाफ्ट नाही, ते काम या पट्टीच्या वाट्याला आलेलं असतं.

मागे दोन वाटा आहेत. चिमटा (मागचं चाक धरून वरखाली होणारा स्विंगआर्म) आणि शॉकॲब्सॉर्बर ठेवायचे, किंवा ते काढून हार्डटेल करायची, म्हणजे एक्सल थेट फ्रेमला. हार्डटेलची रेषा नेकपासून मागच्या एक्सलपर्यंत एका ओघात उतरते, चॉपरचं जुनं रूप तेच. चेनचा ताणही कायम सारखा राहतो. किंमत मोजते ती पाठ. मागचा धक्का फक्त टायर आणि सीटखालच्या स्प्रिंगा झेलतात, म्हणून मागे १६ इंची रिमवर उंच भिंतीचा टायर घ्यावा. पहिल्या गाडीला मी चिमटा ठेवायचाच सल्ला देईन. पुढचा कोन बरोबर जमला की मग मागचं बघता येतं, आणि दोन्ही एकदम केलं तर बिघाड कुठल्या टोकाचा हे कळत नाही.

जिगशिवाय नेकला हात लावू नका. जिग म्हणजे फार काही गूढ नाही. जाड लोखंडी आय-बीम किंवा चॅनल लेव्हलमध्ये आडवा ठेवायचा, त्यावर मागच्या एक्सलची जागा, इंजिनाचे बोल्ट आणि नेक हे तीन बिंदू भक्कम आधारांनी धरायचे. नेकच्या आधाराला कोन बदलण्याची सोय हवी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही एमआयडीसीत असा साचा बनवून देणारा फॅब्रिकेटर सापडतो. त्याच्याशी बोलताना तुमचे आकडे कागदावर न्या, फोटो दाखवून काम सांगू नका.

पाईप सीमलेस घ्यायचा, २८ ते ३२ मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमीच्या आसपास भिंत. पाण्याचा जीआय पाईप या कामाला चालत नाही: त्यावरच्या जस्तामुळे वेल्ड कमकुवत होतो आणि धूर विषारी असतो. दोन पाईप टोकाला टोक लावून नुसते वेल्ड करत नाहीत. आत घट्ट बसणारा ७५ ते १०० मिमीचा तुकडा लेथवर काढून घालतात. बाहेरच्या पाईपला भोकं पाडून त्यांतून आतला तुकडा वेल्ड करतात, आणि मग जोडाची रेषा गोल फिरून भरतात. तिरक्या जोडाला पाईपचं टोक दुसऱ्या पाईपच्या गोलाईत तंतोतंत बसेल असं घासून घ्यावं लागतं. फट राहिली आणि ती वेल्डने भरली की तडा तिथेच जातो. नेकच्या जोडाला त्रिकोणी पट्टीचा आधार द्यावा.

आधी सगळीकडे फक्त टाके मारायचे. मग मोजायचं. नेक आणि मागचा एक्सल एकमेकांना काटकोनात आहेत का, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का. दोरी ताणून बघता येतं. मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून, थोडं थोडं करत भरायचं, म्हणजे एकाच बाजूला उष्णता साचून फ्रेम ओढली जात नाही. बॅटरी सोडून ठेवायची, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायचा. तो इंजिनाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात, जे पुढे आवाज करू लागतात. हे वेल्डिंग ज्याला दबावाच्या पाइपलाइनचं किंवा यंत्रांच्या सांगाड्यांचं काम येतं अशा माणसाकडूनच करून घ्या. ग्रिल आणि गेट करणारा वेल्डर त्याच्या कामात कितीही तरबेज असो, हे काम वेगळं आहे.

फोर्क, ब्रेक आणि बाकीचं

लांब फोर्क जास्त वाकतो. पाईप ५०५ वरून ५८७ मिमी झाला की तेवढ्याच जोराखाली तो सुमारे दीडपट लवतो, कारण लवणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. जुन्या क्लासिक ३५० चा फोर्क ३५ मिमीचा आहे, नंतरच्या थंडरबर्डचा ४१ मिमीचा. भिंतीची जाडी तीच धरली तर ४१ मिमीचा पाईप सुमारे १.६ पट ताठ असतो. म्हणजे जाड पाईप घेतला की लांबीने केलेलं नुकसान जवळपास भरून निघतं. म्हणून सडपातळ दिसतो या मोहाने ३५ मिमीचा पाईप लांबवू नये. लांबवायचा म्हणजे एकसंध नवा पाईप करून घ्यायचा. जुन्या पाईपला तुकडा वेल्ड करणं, आट्यांनी जोडणं हे प्रकार टाळा. ब्रेक लावताना सगळ्यात जास्त वाकवणारा जोर खालच्या टीपाशी येतो, आणि जोड त्याच परिसरात असतो.

फोर्क जितका झोपलेला, तितका तो खड्ड्यात दबण्याऐवजी वाकायला बघतो आणि आतल्या आत अडतो. स्प्रिंगर फोर्क चॉपरवर इतका शोभतो त्यामागे हेही कारण आहे: त्यात चाक खालच्या छोट्या दांड्यांवर वरखाली होतं, लांब पाईप सरकावे लागत नाहीत.

ब्रेकबाबत जुन्या कॅलिफोर्नियाचं अनुकरण करायचं नाही. तिथे कित्येक चॉपर पुढच्या ब्रेकशिवाय धावायचे. चॉपर लांब आणि बुटका असल्यामुळे ब्रेक मारताना पुढच्या चाकावर वजन कमी सरकतं, हे खरं. गुरुत्वमध्य ६०० मिमीवरून ५०० वर आला आणि चाकांतलं अंतर १,३७० वरून १,६०० मिमी झालं, तर हे सरकणं सुमारे तीस टक्क्यांनी घटतं. याचा अर्थ मागचा ब्रेक मोठा हवा, डिस्क असला तर उत्तम. पुढचा ब्रेक काढून टाकावा असा याचा अर्थ होत नाही. पुढे २१ इंची चाक हवं असेल तर हिमालयनचं चाक डिस्कसह घेता येतं, फक्त एक्सलचा व्यास आणि कॅलिपरची जागा यांचा मेळ लेथवाल्याकडून बसवून घ्यावा लागतो.

टाकी कितीही वर-खाली करा, तिचा कॉक कार्बोरेटरच्या वरच राहिला पाहिजे, नाहीतर अर्धी टाकी भरलेली असताना गाडी बंद पडेल. टाकी रबरी बुशवर बसवावी, नाहीतर कंपनाने तिचे कान तडकतात. उंच हँडल लावलं की क्लच, ॲक्सिलरेटर आणि ब्रेकची केबल नव्या लांबीची हवी, आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ती ताणली जात नाही हे बघायचं. वळताना केबल ताणली गेली तर ॲक्सिलरेटर आपोआप वाढतो. वायरिंग नव्याने करा, जुनं कापून जोडत बसू नका.

रंगाचं काम सगळ्यात शेवटी येतं, आणि त्याआधी एक टप्पा आहे जो घाईत गाळला जातो. गाडी पूर्ण, अगदी दिव्याच्या बल्बपर्यंत, कच्च्या लोखंडावरच उभी करायची. तेल भरायचं, चालू करायची, माणूस बसवून रेक आणि ट्रेल पुन्हा मोजायचे, कारण वजनाने स्प्रिंगा दबतात आणि आकडे हलतात. मडगार्डची पट्टी दोन मिमी इकडे, चेन सीटच्या नळीला घासते, स्टँड लागत नाही, अशा वीस गोष्टी इथे निघतात. त्या सगळ्या मिटल्या की गाडी पुन्हा पूर्ण खोलायची आणि मग रंगाला द्यायची. फ्रेमला मी पावडर कोटिंगपेक्षा पातळ रंग पसंत करतो. जाड कोटिंगखाली वेल्डचा बारीक तडा लपून राहतो, पातळ रंगावर त्याची रेघ लगेच उमटते.

चाचणी बंद जागेतच घ्या, हेल्मेट आणि जॅकेट घालून. आधी चालण्याच्या वेगात आठचा आकडा काढून बघा: हँडल एका बाजूला पडतं का, दोन्ही बाजूंना सारखंच वळतं का. मग सरळ रेषेत वेग पाच-दहाने वाढवत न्या आणि थरथर जाणवली की तिथेच थांबा. आधी कोनसेटचा ताण, चाकांचं बेअरिंग, टायरची हवा आणि चाकांची रेष तपासा. हे सगळं ठीक असूनही थरथर राहिली तर ट्रेल पुन्हा मोजा. एका बाजूला ओढत असेल तर फ्रेम पुन्हा जिगवर चढवावी लागेल. पहिल्या धावेनंतर इंजिनाचे, टीचे, एक्सलचे आणि हेडच्या पट्टीचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, आणि नेकच्या वेल्डवर टॉर्च मारून भिंगातून रेघ बघा. सिंगल सिलिंडरची ही गाडी कंपनाने बोल्ट सोडवते, त्यामुळे ही तपासणी पुढेही प्रत्येक धावेनंतर करायची.